हाकेच्या अंतरावरचं मैदान
(अंतिम वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)

मी यंदा मासिकासाठी लहान मुलांच्या खेळावर लेख देणार म्हटल्यावर आमच्या बॅचमध्ये भरपूर थट्टा झाली. 'बीम-कॉलम सोडून तू बालसंगोपनात कधी शिरली?' असा प्रश्न आला. पण नगर रचनेचा विषय शिकताना एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. मुलं बाहेर खेळतात की नाही, हे मोबाईलवर आणि आईवडिलांच्या शिस्तीवर अवलंबून असतंच. पण त्याहून जास्त ते नकाशावर अवलंबून असतं. आणि उद्या नकाशे काढणारे आपणच आहोत.

मी राहते बोरगाव मेघेत. वर्धा शहराला चिकटून असलेलं हे गाव. शहर कुठे संपलं आणि बोरगाव कुठे सुरू झालं, हे नवीन माणसाला कळत नाही. सिंदी (मेघे), पिपरी (मेघे), नालवाडी ही गावंही अशीच. २०११च्या जनगणनेत बोरगाव मेघेची नोंद 'जनगणना नगर' म्हणून झाली. लोकसंख्या किमान ५,०००, काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, या तीन अटी पूर्ण झाल्या की जनगणनेचं खातं गावाला शहर म्हणतं. गंमत अशी, की त्याने कारभार बदलत नाही. नगरपालिका नसलेल्या ठिकाणालाच हे नाव मिळतं. म्हणजे मोजायला शहर, चालवायला गाव!

मोठ्या माणसांना याने फारसा फरक पडत नसेल, मुलांना पडतो. जुन्या गावाला आखर असायचं. सकाळी गुरं जमा व्हायची ती मोकळी जागा, दुपारनंतर पोरांची. तिथे कोणी 'खेळाचे मैदान' अशी पाटी लावली नव्हती, तशी गरजही नव्हती. शहराला दुसरी सोय असते. १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियमाखाली नगरपालिकेचा विकास आराखडा तयार होतो आणि त्यात शाळा, बाजार, दवाखाना यांच्यासोबत मैदानासाठी जागा आरक्षित होते. (ती आरक्षणं टिकतातच असं नाही. कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि ठरलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण संपतं.) मधल्या गावांची अडचण ही, की आखर घरांखाली गेलेलं असतं आणि आराखड्याची रेषा पोचलेली नसते.

मग आम्ही खेळलो कुठे? रिकाम्या प्लॉटवर. माझं सगळं बालपण लोकांच्या न बांधलेल्या घरांच्या जागेवर गेलं. ज्यांनी गुंतवणूक म्हणून प्लॉट घेऊन ठेवले, ते लोक नागपूरला नाहीतर पुण्याला राहायचे आणि त्यांच्या जागेवर आमचं क्रिकेट, लगोरी, कंचे, बिल्लस चालायचं. एका प्लॉटवर विटा पडल्या की आम्ही शेजारच्या प्लॉटवर सरकायचो. त्या प्लॉटचं भूमिपूजन झालं की पुढच्या. असं सरकत सरकत आमची पिच एक दिवस रस्त्यावर आली, कारण सरकायला प्लॉटच उरला नाही. वऱ्हाड-नागपूरच्या बाजूला ज्याला आपण 'ले-आऊट' म्हणतो, त्या प्रत्येक ठिकाणची हीच कथा आहे. घर बांधणाऱ्याची यात काही चूक नाही, जागा त्याचीच होती. आपण उधारीच्या जागेवर खेळतोय हे पोरांना माहीत नव्हतं आणि ही उधारी एक दिवस संपणार, याचा हिशोब कोणी ठेवला नव्हता.

लोडशेडिंगचं आठवतं का? २०१०च्या आसपास आपल्याकडे रोज काही तास लाईट जायची. लाईट गेली की अख्खं ले-आऊट घराबाहेर! बायका ओट्यावर, बुवा लोक खुर्च्या टाकून गेटपाशी, आणि आम्ही पोट्टे 'रेसटीप' नाहीतर 'नदी-पहाड' खेळायला मोकळे. 'नदी-पहाड'मध्ये ओटा म्हणजे पहाड आणि रस्ता म्हणजे नदी. आता जरा स्थापत्याच्या नजरेने पाहा. त्या खेळाला लागत होतं काय? रस्त्याला लागून उघडा ओटा आणि कमी वाहनं असलेला रस्ता. आज प्रत्येक घराला पाच फुटांची कंपाऊंड वॉल आणि लोखंडी गेट आहे. पहाड भिंतीच्या आत गेले, आणि नदीतून आता गाड्या वाहतात. पोरांनी तो खेळ सोडला असं आपण म्हणतो. मला वाटतं, खेळाची जागाच घरांच्या डिझाईनमधून वगळली गेली.

इथे कोणी म्हणेल, वर्ध्यात जिल्हा क्रीडा संकुल आहे, मोठी मैदानं आहेत, तिकडे पाठवा मुलांना. पण आठ वर्षांचं मूल एकट्याने दोन-तीन किलोमीटर जात नाही, आणि त्याला रोज नेऊन आणायला घरात कोणाला वेळ नसतो. मुलाच्या खेळाचं एक जुनं एकक आहे, ते कोणत्याही आयएस कोडमध्ये सापडणार नाही. ते म्हणजे हाकेचं अंतर. आईने दारातून हाक मारली की ऐकू जाईल एवढं, म्हणजे माझ्या अंदाजाने शंभर-दीडशे मीटर. त्याच्या आत जागा असेल तर मूल रोज खेळतं. त्याच्या बाहेर असेल तर रविवारी खेळतं, तेही कोणी नेलं तर.

ही गोष्ट महाराष्ट्रात ताराबाई मोडकांनी फार आधी ओळखली होती. १९४५ साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केल्यावर त्यांना दिसलं, की गरिबांची मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत. मग त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथून आला आणि पुढे १९७५पासून देशभरच्या एकात्मिक बालविकास योजनेत रुजला. रोज वापरतो म्हणून आपल्याला त्या शब्दातलं अंगण दिसत नाही. मूल येत नसेल तर जागा मुलाच्या जवळ न्या, एवढा साधा विचार त्यामागे आहे. युद्धानंतर अॅम्स्टरडॅममध्ये आल्डो व्हॅन आइक या वास्तुविशारदाने वेगळ्या वाटेने तेच केलं. १९४७पासून पुढच्या तीसेक वर्षांत घरांमधल्या पडीक, उरलेल्या जागांवर त्याने सातशेहून जास्त लहान लहान खेळाच्या जागा केल्या. सामान काय, तर रेतीचा हौद, काही लोखंडी दांड्या, उड्या मारायला दगडी ठोकळे. बस्स.

आता 'खेळाचे फायदे' हा भाग मी लांबवत नाही, तो शाळेच्या निबंधात आपण सगळ्यांनी लिहिला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेच्या कलम ३१मध्ये खेळणं हा हक्क आहे आणि भारताने ती संहिता १९९२मध्ये मान्य केली. आपल्या २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान लागतं असं लिहिलेलं आहे. हे सगळं आहेच. पण एक अभ्यास इथे सांगण्यासारखा आहे, कारण तो चष्म्याबद्दल आहे आणि आपल्या वर्गात चष्मा नसलेले शोधावे लागतात. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा प्राथमिक शाळांमध्ये एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलं, बाकीच्यांनी नेहमीचंच वेळापत्रक ठेवलं. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांमध्ये ३९.५ टक्के मुलांना नव्याने जवळचा नंबर लागला होता, बाहेर जाणाऱ्यांमध्ये ३०.४ टक्के. हा निष्कर्ष २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. कारण बहुधा उजेडाचं आहे. वर्गखोलीत आपण ३०० लक्सच्या आसपास प्रकाश धरतो. बाहेर झाडाच्या सावलीतही तो हजारोंत असतो आणि उघड्या उन्हात लाखाच्या घरात. एवढा प्रकाश देणारी ट्यूबलाईट बाजारात मिळत नाही.

मात्र फायद्यांची यादी कितीही मोठी असली तरी आई मुलाला बाहेर सोडताना एकाच गोष्टीचा विचार करते, ती म्हणजे गाडी. आणि ती बरोबर आहे. गणित करून पाहू. एखाद्या ले-आऊटच्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरने मोटरसायकल येते आहे. सेकंदाला सुमारे १४ मीटर. पुढे १५ मीटरवर बॉलमागे पोरगं धावत आलं. चालवणाऱ्याला दिसून ब्रेकवर पाय जायला एक सेकंद धरू (रस्त्याच्या डिझाईनमध्ये आपण अडीच सेकंद धरतो, इथे तो फारच सावध आहे असं समजू). म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात होते तेव्हा १४ मीटर संपलेले आहेत. उरलेल्या एका मीटरमध्ये वेग ५०चा फार तर ४८ होतो. आता तोच वेग ३० धरा. पहिल्या सेकंदात ८.३ मीटर, नंतर चांगल्या ब्रेकने साधारण ५ मीटर, गाडी १३ मीटरच्या थोडं पुढे थांबते. पोराला धक्काही लागत नाही. वीस किलोमीटरच्या फरकात पूर्ण गोष्ट बदलते.

म्हणून मैदानाइतकाच मैदानापर्यंतचा रस्ता महत्त्वाचा. आपल्याकडे लोक स्वतःच सिमेंटचा उंचवटा घालतात, ज्यावर स्कूटर आपटते आणि आजीची कंबर मोडते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गतिरोधकाचं माप दिलेलं आहे. रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, वक्रतेची त्रिज्या १७ मीटर, आणि तो ताशी २५ किलोमीटरने आरामात ओलांडता यावा असा. किती जणांनी हा आकार प्रत्यक्षात पाहिला आहे? मी तरी आमच्या भागात नाही पाहिला. हॉलंडमध्ये डेल्फ्ट शहरातल्या रहिवाशांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या गल्ल्यांत झाडं आणि बाक असे मांडले, की गाडीला चालण्याच्याच वेगाने जावं लागावं. १९७६मध्ये तिथे त्याला कायद्याचं रूप मिळालं. त्या रस्त्याला ते 'वूनर्फ' म्हणतात, अर्थ राहण्याचं अंगण. पुन्हा अंगण!

आता मूळ मुद्दा, जागेचा. जागा नाही असं सगळे म्हणतात, पण ती असते. डिसेंबर २०२०मध्ये राज्यात आलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर ले-आऊट पाडताना साधारण १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. त्याआधीच्या मंजूर नकाशांतही 'ओपन स्पेस' असा तुकडा दाखवलेला असतो. चार एकरांचं ले-आऊट धरा. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, तेव्हा दहा टक्के म्हणजे सोळाशे चौरस मीटरच्या वर. ४० बाय ४० मीटरचा चौकोन! त्यात २७ बाय १६ मीटरचं खो-खोचं मैदान बसतं, बाजूला १३ बाय १० मीटरचं कबड्डीचं बसतं, आणि लहानग्यांच्या रेतीला कोपरा उरतो. विक्रीच्या भाषेत सांगायचं तर दीड-दीड हजार फुटांचे अकरा प्लॉट. एवढी जागा कागदावर मुलांची आहे. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा नाल्याकडेला असते, काटेरी बाभळीने भरलेली, बांधकामाचा मलबा टाकलेली. हळूहळू तिच्यावर एखादी टाकी येते, सभामंडप येतो, शेजारच्याची गाडी कायमची उभी राहते. आमच्या ले-आऊटचीही कथा अशीच आहे. नाव लिहीत नाही, कारण कोणतंही नाव घातलं तरी चालेल.

कायदा या बाबतीत दुबळा नाही. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी नर्सिंग होमला दिली गेली होती. रहिवासी कोर्टात गेले, आणि १९९१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवलं. दवाखाना ही चांगलीच गोष्ट असते, तरी उद्यान ते उद्यान, असा त्याचा साधा अर्थ. जानेवारी २०११मध्ये पंजाबच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याच्या योजना करायला सगळ्या राज्यांना सांगितलं. पण कोर्ट काही आपल्या ओपन स्पेसवरची बाभूळ तोडायला येत नाही.

समजा जागा मोकळी झाली. मग? बहुतेक ठिकाणी ताबडतोब पेव्हिंग ब्लॉक, लोखंडी घसरगुंडी आणि उद्घाटनाची पाटी. यावर आपण थोडं डोकं वापरायला पाहिजे. दोन मीटर उंचीवरून पडणारं मूल जमिनीवर सेकंदाला ६.३ मीटर वेगाने आदळतं, म्हणजे ताशी साडेबावीस किलोमीटर. हा वेग शून्यावर यायला पेव्हिंग ब्लॉक जागाच देत नाही. झोक्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी साधारण ३० सेंटिमीटर खोल सैल रेती हवी, आणि ती अधूनमधून फावड्याने हलवावी लागते. रेती महाग आहे हे खरं, पण ती फक्त खेळण्यांच्या खालीच लागते.

बाकीच्या मैदानाचा शत्रू आपली काळी माती. पावसाळ्यात फुगून चिखल, उन्हाळ्यात पाय अडकेल अशा भेगा. त्यावर १५ सेंटिमीटर मुरूम टाकून रोलर फिरवला आणि शंभरात एक उतार काढून कडेला नाली दिली, तर जुलैतही पोरं खेळू शकतात. सोळाशे चौरस मीटरला सुमारे ८५ ब्रास मुरूम होतो, दाबून बसणारा धरला तर शंभराच्या वर. पैसे कमी असतील तर आधी अर्ध्याच भागावर टाका. आणि झाडं! मे महिन्यात आपला पारा ४५च्या पुढे जातो. घसरगुंडीचा पत्रा तेव्हा तव्यासारखा तापतो. मुलं संध्याकाळी पाचनंतर निघतात आणि तेव्हा ऊन पश्चिमेकडून तिरपं येतं, म्हणून कडुनिंब आणि करंजाची ओळ पश्चिम बाजूला लावायची. शोभेचे पाम लावणाऱ्याला मी तरी पास करणार नाही.

एक गोष्ट राहिली आणि ती माझ्या जवळची आहे. मी बारा वर्षांची होईपर्यंत खेळले. मग हळूहळू बंद झालं. कोणी मनाई केली नाही. प्लॉट संपले, रस्त्यावर मोठ्या मुलांचं क्रिकेट सुरू झालं आणि आम्हा मुलींना उभं राहायला जागा राहिली नाही. आजी म्हणायची, "काहून वं, दिवसभर घरात काऊन बसून राहते?" तिला काय सांगणार? पुढे वाचताना कळलं, की व्हिएन्ना शहरात हेच झालं होतं. दहाएक वर्षांच्या पुढच्या मुली बागेत दिसेनाशा होतात, असं तिथे १९९६-९७मधल्या पाहणीत आढळलं. कारण एकच मोठं मैदान असेल तर ते ज्यांचा आवाज मोठा त्यांचं होतं. १९९९मध्ये दोन बागांची रचना बदलली. मैदानाचे लहान भाग केले, जास्त वाटा काढल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली आणि मुली परत आल्या. कोणाला उपदेश करावा लागला नाही.

आपल्याकडे मुलींना रस्ता देणारे सण होतेच की. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई मांडायची, संध्याकाळी घरोघर गाणी म्हणत फिरायचं, खाऊ ओळखायचा. महिनाभर तिन्हीसांजेला गल्ली मुलींची. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लाकडी बैल ओढत बोजारा मागत फिरणारी पोरं. आमच्या जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे)चा तान्हा पोळा पाहायला तर लांबून लोक येतात. त्या दिवशी गाडीवाला हॉर्न न वाजवता थांबतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता कामाचं. कोणत्याही ले-आऊटचा मंजूर नकाशा नगर रचना कार्यालयाच्या दफ्तरी असतो. सरळ मागून मिळाला नाही तर २००५चा माहिती अधिकार कायदा आणि दहा रुपयांचं शुल्क आहे. नकाशा हातात असला की ग्रामसभेत बोलता येतं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांच्या सुमारास ग्रामसभा होतात आणि गावचा मतदार म्हणून आपल्यापैकी बऱ्याच जणांना तिथे बसायचा अधिकार आहे. किती जण कधी गेलो?

आमच्या ले-आऊटचा नकाशा मी मिळवला आहे. सेमिस्टर संपलं की पहिल्या रविवारी सकाळी सहा वाजता ओपन स्पेसची मोजणी करायची आहे. टेप, रेंजिंग रॉड आणि खुंट्या माझ्याकडे आहेत, लेव्हल सर्व्हे लॅबमधून मागितली आहे. चार-पाच जण आले तर दुपारच्या आत काम होईल. गल्लीतल्या पोरांना सांगून झालंय, ती येणारच. त्यांचा एकच प्रश्न होता, मोजणीनंतर उरलेला चुना बिल्लस आखायला मिळेल का.